सोनेतारणाचे नवे नियम १ एप्रिलपासून : आपल्या भागातल्या छोट्या बँकांची तयारी कशी करून घ्यायची?

कडोलीकर | १२ जानेवारी २०२६, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बेळगाव, चिक्कोडी, खानापूर ह्या भागातल्या छोट्या नागरी सहकारी बँकांना आरबीआयच्या येणाऱ्या नियमांची तयारी करून द्यायचं काम मी करतो. त्याआधी चौदा वर्षं एका बँकेत सोनेतारणाच्या काउंटरवरच होतो, त्यामुळं वजनकाटा आणि तिजोरीची किल्ली दोन्ही हाताखालून गेलेत.

सोनं-चांदी तारण कर्जाचे आरबीआयचे निर्देश ६ जून २०२५ ला आले, १ एप्रिल २०२६ च्या आत ते सगळ्यांनी लागू करायचे आहेत. सात महिने गेले. गेल्या आठवड्यात एका बँकेच्या संचालक मंडळासमोर बसलो होतो. मराठीत टिपण करून नेलं होतं, १४ पानं. अध्यक्षांनी पानं उलटली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे ओ सगळं, पण मार्च एंड होऊ दे की, मग बघू." बाकीच्यांनी माना डोलावल्या, चहा आला, विषय संपला. त्यानंतर शाखेला रंग कुठला द्यायचा ह्यावर पाऊण तास चर्चा झाली.

मला खरंच काळजी वाटूलाली आहे. ह्यात नुसतं टक्केवारी बदलणं नाही. अडीच लाखापर्यंतच्या घरखर्चाच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, अडीच ते पाच लाखाला ८०, पाचच्या वर ७५. एकरकमी परतफेडीचं कर्ज असेल तर मुद्दल नाही, मुदतीअखेरचं व्याज धरून होणारी सगळी रक्कम त्या टक्क्यात बसली पाहिजे, आणि मुदत जास्तीत जास्त १२ महिने. दागिन्यांचा भाव मागच्या ३० दिवसांची सरासरी किंवा आदल्या दिवशीचा बंद भाव, दोन्हीत जो कमी तो. कर्ज फिटलं की दागिना त्याच दिवशी, फार तर सात कामाच्या दिवसांत परत, आणि चूक बँकेची असेल तर पुढच्या दर दिवसाला ५,००० रुपये ग्राहकाला द्यायचे. कर्जदारासमोर तपासणी, दागिन्याचा फोटो असलेला दाखला, कागद त्याला कळेल त्या भाषेत.

ह्यातलं एकेक कलम म्हणजे काउंटरवरचं एकेक काम आहे. तुमच्यात कुणी बँकेत, सोसायटीत, सराफीत आहात का? आणि "नंतर बघू" म्हणणाऱ्या मंडळाला तुम्ही कसं बसवता?

उचगावकर | १२ जानेवारी, रात्री १०.०५

पुढच्या मिटिंगला विषय क्रमांक १ ला घ्या आणि कुंदा शेवटी ठेवा. आत्ता तुम्ही उलटं केलाय.

निपाणी_माळ | १२ जानेवारी, रात्री १०.३१

आमची सोसायटी आहे, बँक नाही. सौहार्द कायद्याखाली नोंदणी. आम्हाला हे लागू होतंय का? आमच्या सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले आपल्याला आरबीआयचा काय संबंध नाही. आणि आमच्या गावच्या पीकेपीएसमध्ये (प्राथमिक कृषी पतसंस्थेत) पण सोनं ठेवून घेतात, त्यांचं काय?

सीए_टिळकवाडी | १२ जानेवारी, रात्री ११.१५

निपाणी_माळ, तुमचे सेक्रेटरी कागदावर बरोबर आहेत. हे निर्देश व्यापारी बँका, नागरी आणि ग्रामीण सहकारी बँका आणि सगळ्या एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या) यांना. म्हणजे जिल्हा बँक आली, गावची पीकेपीएस नाही. १९९७ च्या सौहार्द कायद्याखालची किंवा १९५९ च्या कर्नाटक सहकार कायद्याखालची पतसंस्था ही निबंधकांच्या ताब्यात. आपल्याकडं तिसरा प्रकार पण पुष्कळ आहे, एक शाखा निपाणीत आणि दुसरी कागलला, म्हणजे दोन राज्यांत सभासद असलेल्या मल्टिस्टेट सोसायट्या. त्या २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली, दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडं. त्यांच्यासाठी २०२३ ची दुरुस्ती आली, त्यात निवडणुकीला वेगळं प्राधिकरण, सभासदांच्या तक्रारीला लोकपाल आणि सलग तीन वर्षं नफ्यात असलेल्या संस्थेनं दरवर्षी नफ्याचा १ टक्का किंवा १ कोटी, जे कमी असेल ते, पुनर्वसन निधीत भरायचं हे आलं. कित्येक संस्थांनी उपविधी अजून त्याप्रमाणे दुरुस्त केलेले नाहीत.

म्हणून कुणाचीही तयारी करून देताना माझा पहिला प्रश्न एकच असतो, नोंदणी प्रमाणपत्र दाखवा. निम्मे लोक चुकीच्या नियमाला घाबरलेले असतात आणि बरोबरचा नियम त्यांना माहीत नसतो.

निपाणी_माळ | १२ जानेवारी, रात्री ११.२२

म्हणजे आम्ही सुटलो?

सीए_टिळकवाडी | १२ जानेवारी, रात्री ११.४०

कायद्यानं सुटलात, बाजारात नाही. उद्या समोरच्या बँकेत फोटोसकट दाखला मिळायला लागला की तुमचा सभासद तुमच्याकडं तोच मागणार. शिवाय सोसायटीतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखाचं विमा संरक्षण नाही, त्यामुळं तुमचा सगळा कारभार विश्वासावर. चांगल्या गोष्टी आपणहून घ्या असं मी सांगीन.

शहापुरी_कसोटी | १३ जानेवारी, सकाळी ८.१०

मी सराफ. बावीस वर्षं दोन बँकांसाठी व्हॅल्युएशन करतोय. ह्या नियमातलं सगळ्यात अवघड काम आमच्या टेबलावर येणार हे कुणी बोलेना म्हणून लिहितोय.

साधी पाटली, बांगडी आली तर काय नाही, कसोटीवर घासली, ॲसिड लावलं, वजन केलं, झालं. पण आपल्याकडं बायका काय आणतात? ठुशी, कोल्हापुरी साज, मोहनमाळ, बोरमाळ. साजाच्या पानड्यांत आणि मण्यांत आत लाख असते. काट्यावर ३५ ग्रॅम दाखवतो, त्यात सोनं किती आणि लाख किती हे न फोडता सांगायचं असतं. आजपर्यंत आम्ही अंदाजानं "एवढं वजा" असं स्लिपवर लिहायचो, आणि खरं सांगतो, दोन व्हॅल्युअरचा आकडा एक येत नाही. एक पाच ग्रॅम वजा करतो, दुसरा आठ. आता दाखल्यावर एकूण वजन, निव्वळ वजन, वजावट किती, कॅरेट किती, आधीच काही तुटलंय का, सगळं लिहून एक प्रत गिऱ्हाईकाच्या हातात द्यायची. म्हणजे गिऱ्हाईक तो दाखला घेऊन दुसऱ्या बँकेत जाणार आणि विचारणार की तिथं पाच आणि इथं आठ कसे.

शिवाय सगळ्या शाखांत एकच पद्धत पाहिजे असं त्यात आहे. तर कडोलीकर, तुमच्या बँकेच्या दहा शाखांच्या व्हॅल्युअरना एका दिवशी एका खोलीत बसवा, तोच साज दहा जणांना द्या, आकडे लिहून घ्या. फरक बघितला की मंडळाला भाषण करावं लागणार नाही.

कडोलीकर | १३ जानेवारी, सकाळी ९.०२

कसोटी काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. करतोच. साज कुणाचा आणायचा तेवढं बघतो.

माजी_संचालक | १३ जानेवारी, दुपारी १२.४८

मी एका छोट्या बँकेत बारा वर्षं संचालक होतो, आता नाही. दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

आमच्या बँकेच्या चार शाखा, एकूण माणसं तेवीस. त्या तेवीस माणसांत सायबर सुरक्षा बघणारा तोच, केवायसी बघणारा तोच, वसुलीला जाणारा पण तोच. वेबसाइटचं नाव बदलून डॉट बँक डॉट इन करा, ३१ ऑक्टोबर २०२५ च्या आत. केलं. निम्मं कर्ज २५ लाखाच्या आतल्या छोट्या कर्जात आणा, ३१ मार्च २०२६ च्या आत. चालू आहे. भांडवल वाढवा. आता हे. मोठ्या बँकेत ह्या प्रत्येकाला वेगळं डिपार्टमेंट असतं. आम्ही माणूस बघून कर्ज देत आलो, त्याचा बाप कोण, शेत कुठलं, तंबाखूचे पैसे कधी येणार, हे आम्हाला तोंडपाठ. पोरीच्या लग्नाला रात्री आठ वाजता शाखा उघडून पैसे दिलेत आम्ही. ते कुठल्या कलमात बसवणार? असंच चाललं तर छोट्या बँका मोठ्यांत विलीन होतील आणि मग खानापूरच्या माणसाला ओळखणारा काउंटरवर कुणी राहणार नाही. अध्यक्ष "नंतर बघू" म्हणतात त्यात आळस नसतो कायम, थकवा असतो.

खानापूर_अक्का | १३ जानेवारी, दुपारी ३.२०

मी बँकेतली न्हवं. पण वाचून राहवलं नाही म्हणून लिहूलालो.

२०१९ ला आमच्या ह्यांच्या ऑपरेशनला ठुशी आणि दोन पाटल्या ठेवल्या होत्या. नाव सांगत नाही कुठं ते. कागद इंग्लिशमध्ये होता, पेन्सिलनं फुल्या मारल्या होत्या तिथं तिथं सह्या केलो. एका वर्षात सगळं फेडलो, व्याजासकट, पावती घेतलो. दागिने मागितलो तर मॅनेजर रजेवर. नंदगडहून एस्टीनं परत आलो. चार दिवसांनी गेलो तर दुसरी किल्ली ज्यांच्याकडं ते ट्रेनिंगला. परत आलो. असं चार वेळा. एकोणीस दिवसांनी हातात मिळाले. ठुशीचा फासा तुटलेला होता. विचारलो तर म्हणाले आधीच तुटला असंल अक्का. माझ्याकडं काय पुरावा? ती ठुशी माझ्या आईची. मी ती रोज हातात घेतलेली, मला कळत नाही काय फासा तुटलेला होता की नाही?

माजी संचालकांनी म्हटलंय ते पण खरं आसंल, माणसं कमी आसतील. पण फोटोचा दाखला आसता तर मी गप बसलो नसतो.

येळ्ळूर_गड | १३ जानेवारी, दुपारी ३.४१

अक्का 🙏

माजी_संचालक | १३ जानेवारी, संध्याकाळी ६.१५

अक्का, तुमचं वाचून वाईट वाटलं. आमच्या बँकेत असं झालं असेल का म्हणून मनातल्या मनात आठवून बघत होतो. दोन किल्ल्यांची अडचण आमच्याकडं पण होती, ते कबूल करतो.

सीबीएस_सपोर्ट | १३ जानेवारी, रात्री ८.५०

मी बँकांच्या सॉफ्टवेअरच्या सपोर्टला आहे. कडोलीकर सर, तुमच्या मंडळाला एवढंच सांगा की छोट्या बँका सगळ्या थोड्याच कंपन्यांचं सॉफ्टवेअर वापरतात, आणि फेब्रुवारीअखेर सगळ्या बँकांना एकाच वेळी जाग येते. १५ मार्चनंतर आम्ही मार्च एंडमध्ये असतो, तेव्हा आलेली मागणी एप्रिलमध्येच जाणार. जो जानेवारीत लिहून देतो त्याचं काम आधी होतं, ह्यात वशिला काही नाही.

आणि "नवीन टक्के टाका" एवढंच लिहून देऊ नका. ८५, ८०, ७५ ह्या पायऱ्यांमध्ये एक अडचण आहे. समजा दागिन्याची किंमत ३,००,००० भरली. ८५ टक्के म्हणजे २,५५,०००. पण कर्ज अडीच लाखाच्या वर गेलं की ते ८० च्या पायरीत गेलं, आणि ३ लाखाचे ८० टक्के २,४०,०००. म्हणजे त्या माणसाला २,५०,००० देता येतात, २,५५,००० देता येत नाहीत, आणि २,६०,००० पाहिजेत तर सोनं ३,२५,००० चं लागतं. काउंटरवरच्या मुलाला हे तोंडी सांगून जमणार नाही, सिस्टिमनंच अडवलं पाहिजे. त्यात एका माणसाची आधीची कर्जं पण जोडायची आहेत.

वडगाव_माग | १३ जानेवारी, रात्री ९.१४

एकरकमीचं गणित पण कुणीतरी सोडवून दाखवा की, डोक्यावरून गेलं.

सीबीएस_सपोर्ट | १३ जानेवारी, रात्री ९.३०

घ्या. सोनं २ लाखाचं. ८५ टक्के म्हणजे १,७०,०००. व्याज वर्षाला १० टक्के धरू, वर्षअखेर एकदम फेडणार. मग मुद्दल आणि व्याज मिळून १,७०,००० च्या आत पाहिजे, म्हणून आज हातात साधारण १,५४,५०० मिळणार. तोच माणूस व्याज दर महिन्याला भरत असेल तर १,७०,०००. आणि हे पहिल्या दिवशी बसवून चालत नाही, कर्ज असेपर्यंत रोज बसलं पाहिजे. सोनं उतरलं तर काय करायचं हे धोरणात आत्ताच लिहायला लागतंय.

वडगाव_माग | १३ जानेवारी, रात्री ९.३८

आत्ता कळलं. आमच्या मागवाल्यांत सगळे एकरकमीच घेतात, सणाच्या साड्या गेल्या की फेडतात. आणि फेडायला नाही जमलं तर नवं-जुनं करून घेतात.

सीए_टिळकवाडी | १३ जानेवारी, रात्री १०.१०

नवं-जुनं हाच पुढचा मुद्दा. आजपर्यंत कागदावर जुनं फिटलं आणि नवं दिलं असं दाखवायचे, व्याज मुद्दलात मिसळून जायचं. आता नूतनीकरणासाठी जुनं कर्ज थकलेलं नसावं, सोन्याची टक्केवारी बसत असावी आणि एकरकमी असेल तर साचलेलं व्याज आधी भरलेलं पाहिजे, मगच मुदत वाढवायची. वडगावला दर वर्षी नवं-जुनं करणारे किती असतील ते आत्ताच मोजा, कारण एप्रिलनंतर त्यांना व्याजाचे रोख पैसे घेऊन यायला लागणार आणि ते त्यांना आज कुणी सांगितलेलं नाही. तयारी बँकेची करतो आपण, गिऱ्हाईकाची कोण करणार?

आणि अर्जावर "कशासाठी" ह्या रकान्यात खरं लिहायचं. मागासाठी सूत घ्यायला घेतलेलं कर्ज आणि बारशाला घेतलेलं कर्ज, दोन्ही वेगळी. वर कडोलीकरांनी दिलेले टक्के घरखर्चाच्या कर्जाचे आहेत.

उचगावकर | १४ जानेवारी, सकाळी ७.३०

मंडळी तिळगूळ घ्या गोड बोला. ८५ टक्के तीळ, १५ टक्के गूळ, सिस्टिमनं अडवलं नाही.

येळ्ळूर_गड | १४ जानेवारी, सकाळी ७.५२

तिळगूळ घ्या सगळ्यांनी. एक शंका, ते ईसीएल का काय येतंय म्हणून आमच्या बँकेत सगळे घाबरलेत. ते पण एप्रिललाच का?

सीए_टिळकवाडी | १४ जानेवारी, सकाळी ९.०५

नाही. ईसीएल म्हणजे कर्ज बुडायच्या आधीच अपेक्षित तोट्याची तरतूद करायची पद्धत. ऑक्टोबर २०२५ ला त्याचा मसुदा आला तो व्यापारी बँकांसाठी, १ एप्रिल २०२७ पासूनचा, त्यात सहकारी बँका नाहीत. तुमच्या बँकेनं त्यावर वेळ घालवू नये. तुमचं खरं काम ३१ मार्च २०२६ चं आहे. ठेवी १०० कोटीच्या वर असतील तर आरबीआयच्या वर्गवारीत बहुतेक तुम्ही टियर २ किंवा त्याच्या वर, आणि तुम्हाला भांडवल पर्याप्ततेचं प्रमाण (दिलेल्या कर्जांच्या जोखमीच्या मानानं बँकेचं भांडवल) १२ टक्के गाठायचंय. २०२४ ला १०, २०२५ ला ११, आता १२ अशा पायऱ्या दिलेल्या होत्या. टियर १ ला ९ टक्के, पण नेट वर्थ एका जिल्ह्यापुरत्या बँकेला २ कोटी, बाकीच्यांना ५ कोटी. कमी पडत असेल तर ह्या २ किंवा ५ कोटीच्या निदान निम्मी नेट वर्थ ह्या मार्चपर्यंत गाठायची, सगळी ३१ मार्च २०२८ पर्यंत.

आणि १ एप्रिललाच नवा आयकर कायदा २०२५ सुरू होतोय, म्हणजे ठेवीवरच्या टीडीएसची कलमं, फॉर्म सगळं बदलणार. तेच काउंटर, तोच मुलगा, तोच दिवस. कडोलीकर, हे मंडळाला एका कॅलेंडरवर दाखवा, वेगवेगळ्या परिपत्रकांतून नको.

दुसरं, जुन्या परिपत्रकांचे नंबर घेऊन फिरू नका. २८ नोव्हेंबर २०२५ ला आरबीआयनं हजारो जुनी परिपत्रकं रद्द करून संस्थांच्या प्रकारानुसार २४४ मास्टर डायरेक्शन काढली आहेत. नागरी बँकांची वेगळी आहेत, तीच उघडून वाचा.

अथणी_कडून | १४ जानेवारी, सकाळी ११.२०

भाषेचं कुणी नीट बोललं नाही. नियमात "त्या भागाची भाषा किंवा कर्जदारानं निवडलेली भाषा" असं आहे ना? मी अथणीचा, घरात कन्नड, शाळा कन्नड, दुकानात दिवसभर मराठी. आमच्या शाखेत एक मुलगी आहे ती एकाच वाक्यात दोन्ही बोलते आणि सगळ्या म्हाताऱ्या तिच्याच काउंटरला जातात. माझं म्हणणं, फॉर्म दोन्ही भाषेत छापा. ह्यात वाद घालायची गरज नाही, सोनं ठेवणाऱ्या बाईला कळलं पाहिजे.

कडोलीकर | १४ जानेवारी, दुपारी १.१५

अथणीकर, शंभर टक्के. मी अर्जाच्या पहिल्या ओळीत रकाना टाकतोय, "कागद कुठल्या भाषेत पाहिजेत : कन्नड / मराठी / इंग्लिश / अन्य", आणि तो ग्राहकाला विचारून भरायचा, क्लार्कनं परस्पर नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला अटी साक्षीदारासमोर समजावून सांगायच्या आणि तो साक्षीदार बँकेचा नोकर नसावा. आपल्याकडं कायम शिपाई सही करतो, ते बंद. मग साक्षीदार कोण आणायचा, हे पण आधी सांगायला पाहिजे, नाहीतर बाई पन्नास किलोमीटरवरून एकटी येणार आणि परत जाणार.

मराठी करताना मी एक शिकलो. पहिल्यांदा मी "तारण मूल्य गुणोत्तर" असं लिहिलं होतं. बायकोनं वाचून विचारलं हे काय. आता लिहिलंय, "तुमच्या सोन्याची आजची किंमत इतकी, त्यातले आम्ही इतके देतोय, वर्षानं तुम्ही इतके भरायचे." तिला एका वाचनात कळलं.

शहापुरी_कसोटी | १४ जानेवारी, दुपारी २.००

हे छान. लिलावाचं पण असंच सोप्या भाषेत लिहा. राखीव किंमत त्या दिवशीच्या किमतीच्या ९० टक्क्यांच्या खाली नको, दोन लिलाव फसले तरच ८५. आणि विकून उरलेले पैसे सात कामाच्या दिवसांत गिऱ्हाईकाला परत. हे उरलेले पैसे आपले असतात हेच कित्येकांना माहीत नाही. मी लिलावाला उभा राहिलोय, मालक कोपऱ्यात उभा असतो आणि हातोडा पडला की मान खाली घालून निघून जातो.

निपाणी_माळ | १४ जानेवारी, संध्याकाळी ७.४५

थोडं विषयांतर. आमच्याकडं बिडीच्या बायकांना गटातून कर्ज देणारे दारात येऊन बसायचे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत कर्नाटक सरकारनं वटहुकूम आणला, जबरदस्तीच्या वसुलीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. त्याचा परिणाम काय झाला सांगतो. नोंदणी नसलेले सावकार गप झाले, आणि बायका दागिने घेऊन सोसायटीत यायला लागल्या. म्हणजे एका नियमाचा भार दुसऱ्या काउंटरवर येतोय. त्यामुळं आमचं सोनेतारण वाढतंय आणि आमच्याकडं तिजोरी तीच, जुनी.

कडोलीकर | १५ जानेवारी, सकाळी ८.३०

निपाणी_माळ, हे विषयांतर नाही, हाच विषय आहे. तुमच्या सेक्रेटरींना तिजोरीची जागा आणि विमा एवढं तरी ह्या महिन्यात बघायला सांगा.

माजी_संचालक | १८ जानेवारी, रात्री ९.५५

चार दिवस विचार केला. कडोलीकर, माझी मूळ तक्रार तशीच आहे, छोट्या बँकेला माणसं नाहीत. पण मग तुमच्यासारख्यानं १४ पानं घेऊन येण्यापेक्षा आल्यावर पहिल्या दिवशी नेमकं काय करून द्यावं? हे सांगितलंत तर आमच्या जुन्या अध्यक्षांशी मी स्वतः बोलतो. ते माझं ऐकतील.

कडोलीकर | १८ जानेवारी, रात्री ११.२०

साहेब, धन्यवाद. तुम्ही सगळ्यांनी लिहिल्यामुळं माझीच पद्धत बदलली, आता ती सांगतो.

१४ पानं फेकली. गेल्या शुक्रवारी एका शाखेत (ज्यांनी "नंतर बघू" म्हटलं तीच बँक, मॅनेजर तयार होता म्हणून) दुपारी तीननंतर आम्ही तिजोरीतून तारण दागिन्याचं फक्त एक पुडकं काढलं. एकच कर्ज, १,२०,००० चं, ऑगस्टमधलं. आणि ते १ एप्रिलनंतर दिलं असतं तर काय काय झालं असतं असं पहिल्यापासून चाललो. खुर्चीवर मॅनेजरच्या आईला बसवलं कर्जदार म्हणून, त्या घरून चहा द्यायला आल्या होत्या.

अर्ज दिला. भाषेचा रकाना नाही. लिहून घेतलं. व्हॅल्युअर आतल्या खोलीत बसतो, कर्जदार बाहेर. टेबल बाहेर आणायला पाहिजे, म्हणजे कॅमेऱ्याची दिशा बदलायला पाहिजे. फोटो काढायचा, कशानं? शाखेत सगळ्यांचे स्वतःचे मोबाईल. ग्राहकाच्या दागिन्यांचा फोटो क्लार्कच्या खासगी फोनमध्ये कसा ठेवणार? माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, नियम नोव्हेंबर २०२५ ला आलेत, माहितीची सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. मग शाखेचा एक वेगळा कॅमेरा घ्यायचं ठरलं.

शेवटी कर्ज फेडलं असं धरून दागिना परत द्यायला गेलो. तिजोरीला दोन किल्ल्या, एक मॅनेजरकडं, दुसरी ज्यांच्याकडं ते ऑफिसर त्या दिवशी मुलाला घेऊन केएलई दवाखान्यात गेलेले. पुडकं बाहेर होतं म्हणून ठीक, नाहीतर परत आत ठेवता आलं नसतं. मॅनेजर उभाच राहिला. मी म्हटलं ते आठ दिवस रजेवर असते तर? त्यानं पर्यायी किल्लीधारकाच्या रजिस्टरचं पान उघडून दाखवलं, त्यावर शेवटची नोंद होती ती व्यक्ती निवृत्त झालेली. मला त्या क्षणी खानापूर अक्कांची ठुशी आठवली.

दीड तासात अकरा गोष्टी निघाल्या. प्रत्येकीपुढं टेबल कुणाचं, माणूस कोण आणि तारीख कुठली एवढंच लिहिलं, एका पानावर. त्यातल्या सात गोष्टींना एक रुपया लागत नाही. ते एक पान मॅनेजरनंच अध्यक्षांना पाठवलं आणि किल्लीच्या ओळीखाली त्यानं स्वतः लिहिलं, "दर दिवशी ५,०००". अध्यक्षांचा रात्री फोन आला, २७ तारखेला मंगळवारी खास सभा लावली आहे, फक्त ह्याच विषयावर. सगळे शाखाधिकारी आणि व्हॅल्युअर येणार. कसोटी काका, तुमचा साजाचा प्रयोग तिथंच करायचा आहे, तुम्ही यायचंय.

तर साहेब, पहिल्या दिवशी एक पुडकं. तेवीस माणसांच्या बँकेला पण जमतंय.

शहापुरी_कसोटी | १९ जानेवारी, सकाळी ८.००

येतो. साज घरचाच आणतो, आईचा आहे. आतली लाख किती ते मला माहीत आहे, गेल्या वर्षीच दुरुस्तीला खोलला होता. बाकीच्यांना सांगू नका.

माजी_संचालक | १९ जानेवारी, सकाळी १०.३०

आमच्या अध्यक्षांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, आपली दुसरी किल्ली कुणाकडं आहे. मला पण माहीत नव्हतं, त्यांना पण. आज दुपारी दोघं शाखेत जातोय.

सीबीएस_सपोर्ट | १९ जानेवारी, सकाळी ११.१२

कडोलीकर सर, त्या अकरातल्या सॉफ्टवेअरच्या ज्या असतील त्या ह्याच आठवड्यात लेखी द्या. आणि चाचणीला वीस जुनी कर्जं निवडून द्या, अडीच लाखाच्या अलीकडची पलीकडची, एकरकमी, नवं-जुनं झालेली, एकाच माणसाची दोन असलेली. सरळसोट कर्जं देऊ नका, ती पास होतातच.

खानापूर_अक्का | १९ जानेवारी, दुपारी ४.०५

तुम्ही मराठीत फॉर्म करूलालाय म्हणून लिहिलाय. तो आधी आमच्यासारख्या कुणाला तरी वाचायला देणार काय? बँकेतल्यांना कळलं म्हणजे आम्हाला कळतंय असं नाही.

कडोलीकर | १९ जानेवारी, संध्याकाळी ६.४०

अक्का, तुम्हीच याल का? २७ च्या सभेला सकाळी अकरा वाजता, बेळगावला. फॉर्म तुमच्या हातात देतो, जिथं अडेल तिथं पेन्सिलनं फुली मारा. ह्या वेळी फुल्या तुम्ही मारायच्या.

खानापूर_अक्का | १९ जानेवारी, संध्याकाळी ७.१०

येतो की. आठच्या एस्टीनं निघतो. आधार, फोटो काय आणायला लागतंय काय?

कडोलीकर | १९ जानेवारी, संध्याकाळी ७.१३

काय नको अक्का, चष्मा तेवढा आणा.